राहते कुणाकडे

खिडकीच्या काचेला खालच्या बाजूला अर्धगोल भोक होतं. त्यातून दोन कागद बाहेर सरकले, आणि आतल्या बाईंनी दोन बोटांनी फिरवून त्यांची तोंडं तिच्याकडे केली. एकावर बाबांचं अक्षर. प्रत्येक अक्षर सुटं, ताठ, जणू एकमेकांना धक्का लागू नये म्हणून अंतर राखून उभं राहिलेलं. 'मुलगी तिच्या आईकडे राहते.' दुसऱ्यावर आईचं अक्षर, वाऱ्यानं उजवीकडे झुकल्यासारखं. 'मुलगी तिच्या वडिलांकडे राहते.' दोन्हीखाली सह्या. दोन्हीवर एकच तारीख. "वाचलंत?" बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, दुपारच्या जेवणाआधीचा थकवा होता. "आई म्हणतात वडिलांकडे, वडील म्हणतात आईकडे. मग तुम्ही राहता कुठे?" मागे रांगेत कुणीतरी हसलं, हसू आलं म्हणूनच हसलं असेल, त्यात वाईट हेतू नसेल. पण तिच्या मानेवर ते हसू एखाद्या गार थेंबासारखं पडलं आणि पाठीच्या मणक्यावरून हळूहळू खाली उतरत गेलं. तोंड उघडलं तर आतून आवाजाऐवजी नुसती हवा येईल अशी भीती तिला वाटली. दोन घरांच्या मधल्या रस्त्यावरची हवा.

बाईंनी नियम सांगितला. तो तिला पाठ होता. आईवडील वेगळे राहत असतील तर गेल्या बारा महिन्यांत अर्जदार ज्यांच्याकडे जास्त रात्री राहिला, त्यांच्या घरचं उत्पन्न धरायचं. आईचं धरलं तर कॉलेजची सगळी फी माफ. बाबांचं धरलं तर बाबा आणि मावशी, म्हणजे बाबांची बायको, दोघांचे पगार एकत्र होणार, आणि मग माफी नावापुरती. पालकांनी आपापलं निवेदन बंद पाकिटात परस्पर पाठवायचं होतं. दोघांनी पाठवलं. वेळेवर, नीट तिकीट लावून. तिच्या घरातली माणसं कागदाच्या बाबतीत फार शिस्तीची. "आज शेवटचा दिवस," बाई म्हणाल्या. "हा कोरा कागद घ्या. तुमचं स्वतःचं निवेदन. आईकडे किती रात्री, वडिलांकडे किती, दोन चौकटी आहेत. खाली दोघांपैकी एका पालकाची सही, इथे, माझ्यासमोर. चारला खिडकी बंद. त्यानंतर अर्ज बाजूला जातो, आणि बाजूला गेलेला अर्ज मी काय, साहेबही परत आणू शकत नाहीत." मग काचेतून जरा पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "पळ बाळ, रडायला वेळ नाही आत्ता." तेव्हा तिला कळलं की आपला चेहरा रडणाऱ्या माणसाचा झालाय.

आईचा फोन बंद होता. रात्रपाळी करून आली की ती फोन बंद करून झोपायची. बाबांचा लागत नव्हता, म्हणजे ते लिफ्टच्या विहिरीत असणार. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांची इमारत जवळ होती, सात थांबे. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि तिनं पिशवीतून वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, ही अकरावी. दरवर्षी एक. आईबाबा एकमेकांशी बोलत नसत, भांडतही नसत, ते वहीत लिहीत. ती ज्या घरी जाईल तिथे वही तिच्या पिशवीतून जायची. 'खोकला आहे, रात्री औषध एक चमचा.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'दिलं.' 'गणिताच्या बाईंनी बोलावलंय, मला सुट्टी नाही.' 'मी जातो.' 'केसात उवा.' 'इकडूनच आल्या असतील, क्षमस्व.' हे क्षमस्व वाचून ती आठ वर्षांची असताना खूप हसली होती, आणि आईही हसली होती, वहीवर हात ठेवून, वही जणू बाबांचा खांदा असावा तशी. ती अठरा वर्षांची झाली, तोंडानं सगळं सांगू शकते, तरी वही सुटली नाही. रोजची तारीख, आणि तारखेपुढे रात्र कुठे, 'इथे' किंवा 'तिथे'. आईच्या हातचं 'इथे' म्हणजे आईकडे, बाबांच्या हातचं 'इथे' म्हणजे बाबांकडे. बस वळली की पेन्सिल सरकायची. तिनं पाच-पाचाच्या जुड्या करून मोजलं. आईची रात्रपाळी सुरू झाली तिथपासून बाबांच्या 'इथे'ची रांग लांबत गेली होती. बाबांकडे दोनशे तीन. आईकडे एकशे बासष्ट. पुन्हा मोजलं. तेवढ्याच. म्हणजे आईनं खरं लिहिलं होतं आणि बाबांनी खोटं, पण खऱ्याखोट्याशी तिला काय करायचं होतं? तिच्या डोळ्यांपुढे ते दोन कागद शेजारी शेजारी पडलेले होते, आणि ते एकच सांगत होते: हिला तुम्ही ठेवा. तुम्ही ठेवा हिला. दारावर आलेलं चुकीच्या पत्त्याचं सामान माणसं असंच शेजाऱ्याकडे दाखवतात, नम्रपणे, बोट करून.

सात वर्षांची असताना तिला एका लांबलचक बाकावर बसवलं होतं. कोर्टातला बाक. पाय जमिनीला टेकत नव्हते. एका चष्मेवाल्या माणसानं वाकून विचारलं होतं, तुला कुणाकडे राहायला आवडेल? ती म्हणाली, दोघांकडे. सगळे हसले, त्या हसण्याला तेव्हा चॉकलेटचा वास होता. आणि चष्मेवाल्यानं कागदावर लिहिलं, आई. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या मानेवरची एक शीर उडत होती. बाबांच्या रागाची आठवण म्हणून तिच्याकडे एवढंच आहे, ती शीर. पुढे दर शनिवारी ते फाटकाशी येत, आत कधीच नाही, आणि तिची पिशवी आधी घेत, मग तिला.

इमारतीच्या दारात 'लिफ्ट बंद' अशी पाटी होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं, आणि दारामागे केबिन नव्हती, नुसता काळोख होता, वंगणाच्या वासाचा. वर कुठेतरी जाड साखळीवर केबिन टांगलेली होती. खालून टॉर्चचा उजेड हलला. "कोण आहे? पाटी वाचता येत नाही का?" "मी आहे, बाबा." उजेड थांबला. "तू? खाली बघू नकोस, चक्कर येईल. मागे सर. अजून मागे." शिडीवरून बाबांचं डोकं वर आलं, मग खांदे, मग काळे झालेले हात, जे त्यांनी तिच्यापासून लांब धरले. कंबरेपर्यंत वर येऊन ते तिथेच थांबले, जमिनीतून उगवल्यासारखे. "कॉलेजात लिफ्ट आहे का बघून आलीस? बिघडणारी असली तर बरं, मला यायला निमित्त." ती हसली नाही. तिनं सांगितलं, उभ्यानं, भराभर, दोन कागद, चार वाजता, सही. ऐकताना बाबांच्या चेहऱ्यावरचा विनोद हळूहळू विझला. "तिनं माझं नाव लिहिलं?" ते म्हणाले. "तुझ्या आईनं? स्वतःहून?" आणि तिला दिसलं की या सगळ्यात बाबांना एवढंच ऐकू आलंय.

"तू आईचं का लिहिलंस?" तिनं विचारलं. आवाज नको तेवढा चढला, विहिरीत घुमून परत आला. बाबा बोटांच्या पेरातलं वंगण चिंधीनं पुसत राहिले. "माझं नाव आलं की तुझं कॉलेज गेलं. साधा हिशेब आहे. मावशीचा पगार धरतील, माझा धरतील, कागदावर मी मोठा माणूस होईन. घरातल्या धाकट्या दोन पोरांचं काय, माझं आठवड्यातलं दोन दिवसांचं काम कमी केलंय त्याचं काय, ते थोडंच विचारणार आहेत!" "पण राहते मी तुझ्याकडे." "हो, पण." "मोजलं मी. दोनशे तीन." बाबांनी मान खाली घातली. म्हणाले, "मला वाटलं होतं दोनशे असतील." मग एकदम कामाच्या आवाजात, "हे बघ, केबिन साखळीवर आहे, मी पाचपर्यंत हलू शकत नाही. आईला उठव. वीस-एकवीस रात्री इकडच्या तिकडे कर, झालं काम. कोण मोजायला बसलंय? कोर्टाच्या कागदावरही तीच होती. मला सवय आहे." ते शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पाना मागावा तितक्या सहज. ती जिना उतरताना तिच्या प्रत्येक पावलाखाली ते वाजत राहिलं. सवय आहे. सवय आहे. एकवीस रात्री हलवल्या की आईकडे एकशे त्र्याऐंशी, बाबांकडे एकशे ब्याऐंशी, आईचं पारडं एकानं जड. एका रात्रीनं. तिचा जीव त्या एका रात्रीवर टांगलेला होता, आणि साखळी कुणीतरी दुसराच धरून होता.

आईच्या घरी पोचायला दोन बसगाड्या लागल्या. दुसरी लवकर आली नाही. ती थांब्यावर उभी राहून घड्याळाकडे बघत नव्हती, घड्याळाकडे न बघण्याचं काम करत होती. किल्लीनं दार उघडलं तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पडदे ओढलेले, खोलीत दुपारीच संध्याकाळ. आई कुशीवर, कोपर डोळ्यांवर घेऊन झोपली होती. तिच्या अंगाला वाफेचा आणि धुण्याच्या पावडरीचा वास यायचा, आंघोळीनंतरही. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती रात्रभर चादरी मोजायची, कोणत्या वॉर्डाच्या किती आल्या, किती गेल्या. आईला उठवायचं नाही, हा या घरातला सगळ्यात जुना नियम. पंखा दोनवर, चपला हातात, भांडं ठेवायचं तर आधी फडकं पसरून. लहानपणी ती अशीच उशाशी बसून राहायची आणि आईचे श्वास मोजत राहायची, आणि कधी आईला जाग आली की ती डोळे मिटूनच ओठांतल्या ओठांत गुणगुणायची, स्वतःच जोडलेलं, दरवेळी थोडं वेगळं:

लेक ग उभी माझी, दोन दारांच्या मधोमध
एका ग दारी साय, दुजिया दारी दूध

साय कुठली आणि दूध कुठलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आज तिला वाटलं, दोन्ही दारं बंद असतील तर? तिनं आईच्या खांद्याला हात लावला. आई दचकून उठली, कुणी मेलंय की काय अशा डोळ्यांनी. "काय झालं? ताप आहे?" अठराव्या वर्षीही पहिला प्रश्न ताप. तिनं सांगितलं. आईनं पाणी मागितलं, अर्धं प्याली, आणि म्हणाली, "मी मोजलं होतं. वहीवरून. दोनदा. दोनशे तीन." "मलाही दोनशे तीन." "मग?" "मग काय मग! बाबांचं नाव लागलं तर फी कोण भरणार?" "ते भरतील. दोन पगार आहेत घरात." "त्यांचे दोन दिवस कमी केलेत, आई." आई थांबली. "कधी? वहीत नव्हतं." "असल्या गोष्टी वहीत कुठे असतात?" आईनं पेला खाली ठेवला, फडक्यावर, आवाज न करता, जणू अजूनही कुणीतरी झोपलेलं होतं.

"हे बघ," आई म्हणाली, "रोज मी अकराशे चादरी मोजून सही करते. एक कमी निघाली तर आम्ही चौघीजणी पहाटेपर्यंत शोधतो. मोजणीत मला खोटं येत नाही ग. पोरगी रात्री माझ्याकडे असते असं कसं लिहू? रात्री मी स्वतःच माझ्याकडे नसते." विनोद होता, आईनं हसण्याची वाट पाहिली, मग सोडून दिली. "आणि दुसरं म्हणजे, तेव्हा कोर्टात मी त्यांना तुझ्यातलं काही मिळू दिलं नाही. शनिवार देताना पण माझा हात आखडत होता. आता ते वर्षभर तुला बघतायत. निदान एक कागद असावा त्यांच्याकडे." "तो कागद माझ्या कॉलेजचा आहे!" ती ओरडली. या खोलीत या वेळी इतक्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नव्हतं. "तुम्ही एकमेकांना भेटी देताय, आणि मी त्या खिडकीपाशी उभी होते. मागे लोक हसत होते. बाई म्हणाल्या, राहता कुठे? मला वाटलं तुम्हा दोघांनाही मी नकोय. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दोघं एकच गोष्ट बोललात, आणि ती ही." बोलून झाल्यावर खोली फार लहान वाटली. आईचा चेहरा पडद्याच्या उजेडात राखाडी दिसत होता. ती उठली, तोंडावर पाणी मारलं, केस बांधले, पर्स घेतली. चपला घालताना तिचा तोल गेला तेव्हा भिंतीला हात लावला, मुलीला नाही. "चल," ती म्हणाली. "तुला हवं ते लिही. मी सही करते."

बसमध्ये आईच्या मांडीवरचे हात अधूनमधून हलत होते, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, मोजण्याची सवय, रिकामं काही मोजण्याची. तीन पंचेचाळीसला त्या जिन्यावर होत्या. खिडकीपुढे आता रांग नव्हती, एकच मुलगा आपले दाखले पिनेत घालत होता, पिन मोडत होती, तो दुसरी घालत होता, आणि तिला त्याचा गळा धरावासा वाटला. मग त्या दोघी काचेपुढे होत्या. "आलात?" बाई म्हणाल्या, आणि आईकडे बघून, "बसा ना," पण बसायला तिथे काहीच नव्हतं. कागद पुढे आला. आईकडे किती रात्री, चौकट. वडिलांकडे किती रात्री, चौकट. एकशे त्र्याऐंशी, एकशे ब्याऐंशी. तिनं पेनाचं टोक पहिल्या चौकटीवर टेकवलं आणि 'एक' काढला. खरं लिहा की खोटं, पहिला आकडा एकच होता, तिथपर्यंत सोपं होतं. पुढे आठ काढायचा किंवा सहा. एकवीस रात्री. कोणत्या एकवीस? असा प्रश्न मनात यायला नको होता, पण आला, आणि एकदा आल्यावर जाईना. बाबांच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावरच्या रात्री, ज्याची मधली स्प्रिंग बरगडीत रुतते. धाकट्याला उलटी झाली ती रात्र पुसायची? मावशीनं न बोलता तिच्या उशीला नवा अभ्रा घातला ती? प्रवेशपरीक्षेच्या आदल्या रात्री बाबा दोनदा उठून आले, ती झोपली आहे असं समजून तिच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि अंधारात नुसते उभे राहिले, ती? त्या रात्री तिनं डोळे उघडले नव्हते. उघडले असते तर दोघांनाही लाज वाटली असती. ती रात्र घडलीच नाही असं लिहायचं तर लिहिता येईल, कागद तक्रार करणार नाही, बाबाही करणार नाहीत. बाबांना सवय आहे. शेजारी आईचा हात काउंटरच्या कडेवर होता, बोटांची टोकं पांढरी पडलेली. आई कागदाकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कोणत्यातरी सूचनेकडे बघत होती, न वाचता, डॉक्टर सुई टोचत असताना माणसं बघतात तशी.

तिनं सहा काढला. मग दोन. दुसऱ्या चौकटीत दोनशे तीन. आकडे जरा मोठे झाले, चौकटीबाहेर गेले.

आईनं तेव्हा पाहिलं. कागद पाहिला, मग तिला. तिनं पेन घेतला आणि सही केली, एका दमात, रोजची सही करतात तशी. बाईंनी कागद आत ओढला, वाचला. चष्मा वर केला. "वडिलांचं उत्पन्न धरलं जाईल. कळतंय ना? सगळी माफी मिळणार नाही." "कळतंय. पण बाबांचं आठवड्यातलं दोन दिवसांचं काम कमी केलंय." "त्यांचं काम कमी झाल्याचं पत्र असेल तर आणा, आठ दिवसांत. काही फरक पडेल की नाही, मी सांगू शकत नाही. निकाल तीन आठवड्यांनी." शिक्का बसला. बाबांचा कागद बाईंनी वेगळा काढून त्यावर तिरकी रेघ मारली. चार वाजायला सहा मिनिटं होती. ती जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली. कॉलेज गेलं की राहिलं, तिला कळत नव्हतं. फक्त इतकं कळत होतं की आपण एक जागा सांगितली, आणि सांगताना आवाज निघाला.

आई शेजारी बसली. कितीतरी वेळ पर्समध्ये काही शोधल्यासारखं केलं. "आपण चुकलो का ग?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "नंबर लाव त्यांचा." "बाबांचा? मी बोलू?" "नाही. लावून दे फक्त." फोन बराच वेळ वाजत राहिला. ते विहिरीतून वर आले असतील, हात पुसत असतील. मग आईची पाठ ताठ झाली.

"हॅलो. मी बोलतेय... मी. हो, मीच." आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. पातळ, जपून पाऊल टाकणारा. "नाही, नाही, ती बरी आहे. शेजारीच आहे... तुमच्याकडे राहते असं लिहून दिलं. तिनंच लिहिलं. मी सही केली." पलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. खाली अंगणात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. "ऐकताय ना?... मग फी भरायची कशी, ते बसून बोलावं लागेल. तिघांनी." आणि मग फोनच्या आतून बाबांचा आवाज आला, शब्द कळत नव्हते, नुसता सूर, आधी अडखळत, मग हळूहळू लांबत जाणारा, जणू पुष्कळ दिवसांचं एका जागी साचलेलं वाट सापडून वाहायला लागलं होतं. "दोन दिवस कमी केलेत म्हणाली ही. केव्हापासून?" आई म्हणाली. आणि मग, "अरे देवा." आणि मग नुसतं, "हं." तिनं पाय पोटाशी घेतले, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि मुलीला बसायला नीट जागा व्हावी म्हणून पायरीवर जरा सरकली. "हं," ती म्हणाली. "हं. मग?"